तिसऱ्या दिवशी पुट्टी? पुराच्या मेसेजमधला प्रत्येक सल्ला तपासून

कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी ओसरायला लागलं की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो: ‘तळघर मोठा पंप लावून एका दमात उपसा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करून फरशी धुवा. फ्रीज-मिक्सर दोन दिवस वाळवून चालू करा. तिसऱ्या दिवशी भिंतीला पुट्टी मारा.’ घाई करायची ती फक्त गाळ काढायची, आणि तीच या मेसेजमध्ये नाही. हे सल्ले नुकसान वाढवतात आणि दोन तर जिवावर बेतू शकतात.

आधी तळघर. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी भागातल्या दुकानदारांनी हे नीट वाचावं. बाहेरची जमीन पाण्यानं तुडुंब असते आणि आतलं पाणी त्या दाबाला तोलून धरतं. ते एकदम काढलं तर भिंत आत ढकलली जाते, फरशी उचलते. बाहेरचं पाणी उतरल्यावर एक फूट उपसा, भिंतीवर खूण करा आणि रात्रभर थांबा. पातळी पुन्हा चढली तर अजून वेळ आलेली नाही. चढली नाही तर रोज दोन-तीन फूट काढा. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप तळघरात ठेवू नका, धुरानं माणूस गुदमरतो.

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो फुप्फुसं जाळतो. चुकून मिसळलंच तर सगळं तिथंच सोडून मोकळ्या हवेत या. शिवाय ब्लीचिंग गाळावर टाकून उपयोग नाही, क्लोरीन गाळातच खर्च होतो. गमबूट आणि हातमोजे घालून ओला असतानाच गाळ फावड्यानं ओढा, कारण सुकला की तो खरवडावा लागतो. मग साबणाच्या पाण्यानं घासा. शेवटी १० लिटर पाण्यात १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून फरशीवर टाका, १० मिनिटांनी धुवा.

आता वीज. जुलै-ऑगस्टच्या कोल्हापुरात सलग दोन दिवस कडक ऊन मिळणं कठीण, आणि मिळालं तरी वस्तू बाहेरून वाळते. मोटरच्या गुंडाळीत, स्विचच्या पितळी पट्ट्यांत गाळ तसाच राहतो आणि तो ओलाव्यात वीज वाहतो. बुडालेले एमसीबी, आरसीसीबी (बिघाड झाल्यावर वीज आपोआप तोडणारे स्विच), साधे स्विच आणि प्लग वाळवून वापरू नका, बदला. भिंतीतल्या पाइपातलं पाणी काढून, सांधे नव्यानं बांधून वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरच्या आवरणातून वीज गळते का हे मोजणारं यंत्र) तपासणी करून घ्या. त्यावर किमान एक मेगओहम रोध आल्याशिवाय मेन चालू करायचा नाही. फ्रीज, मिक्सर मेकॅनिकनं उघडून साफ केल्यावरच.

भिंतीचं नुकसान सावकाश दिसतं, म्हणून लोक इथंच फसतात. वीट आणि प्लास्टर पाणी शोषून पाण्याच्या रेषेच्याही वर चढवतात. वाळायला आठवडे लागतात, जाड भिंतीला महिने. त्याआधी पुट्टी मारली तर ओल आत कोंडते, क्षार बाहेर येताना पोपडे निघतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत काळी बुरशी. जुना प्लास्टिक पेंट रेषेच्या फूटभर वरपर्यंत खरवडा, कपाटं भिंतीपासून अर्धा फूट सरकवा, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. पेठांमधल्या जुन्या मातीच्या भिंती मात्र पाणी उतरल्यावरही कोसळतात. फुगवटा किंवा नवी भेग दिसली तर आत जाऊ नका.

पुट्टीआधी दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट लावा. २४ तासांनी आतून थेंब दिसले तर रंगारी पुढं ढकला.