अक्का, त्याचं इन्सुलिन बंद करू नको

काल सकाळी खानापूरहून अक्काचा फोन. ‘तूप-भात आणि इन्सुलिन, दोन्ही बंद करू काय?’ पाहुण्यांच्या ग्रुपवरून तिला मेसेज आलेला: शुगर म्हणजे खाण्याचा दोष, 21 दिवस गोड, तूप, भात, मीठ सोडा, एकवेळ जेवा, कारल्याचा रस प्या, इन्सुलिनची सवय सुटेल. भाचा 24 वर्षांचा, वजन 43 किलो. त्याला सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसं आणि स्वादुपिंड बिघडवणारा जन्मजात आजार आहे.

त्याची शुगर खाण्यानं आलेली नाही. सीएफटीआर जनुकातला दोष जन्मापासूनचा. स्राव चिकट होऊन स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, ते आतून निकामी होत जातं आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी कमी होतात. या आजाराच्या मोठ्या माणसांत जवळजवळ निम्म्यांना हा मधुमेह होतो.

आणि अशा पोराला एकवेळ जेवा म्हणायचं? संताप येतो. जेवताना पाचकरसाच्या कॅप्सूल घेतल्याशिवाय त्याला तूप पचत नाही. एक-एक किलो वजनासाठी अक्का झटते, कारण वजन उतरलं की फुप्फुसंही ढासळतात. मीठ तर घामावाटेच जातं. तान्हा असताना त्याच्या कपाळाचा मुका घेतला की ओठ खारट व्हायचे. एप्रिलच्या उन्हात त्याचं मीठ तोडणं म्हणजे त्याला आजारी पाडणं.

इन्सुलिनची सवय लागत नाही. जे शरीरात कमी पडतं तेच बाहेरून द्यायचं. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन आणि तिथल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशननं 2010 साली मिळून दिलेल्या शिफारशींत स्पष्ट आहे: उपचार इन्सुलिनचाच, जेवण तोडायचं नाही, आणि वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी ग्लुकोज पाजून तपासणी. तीन महिन्यांच्या शुगरच्या सरासरीची तपासणी (एचबीए1सी) चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नये. या आजारात ती फसवी कमी येऊ शकते.

एक गोष्ट मात्र मानतो. बाटलीतली गोड थंड पेयं त्यानं टाळावीत. त्यांत साखरेशिवाय काही नसतं. कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, जेवणाबरोबर, इन्सुलिनचा हिशोब धरून खाता येतो. कारल्याचा रस हवा त्यानं प्यावा, इन्सुलिनच्या जागी नको.

अक्का, इन्सुलिनचं पेन फ्रिजच्या दारातच राहू दे. सोमवारी डॉक्टरांकडे जाताना शुगरच्या आकड्यांची वही घे. आणि चिकोडीच्या मामांना तो मेसेज तू पुढं पाठवला असशील, तर आजच त्यांना फोन कर.