आवाज पोचत नाहीये, माधुरी!

हसण्यानं ताण हलका होतो, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो सकाळी सहालाच का हलका करायचा, एवढं मात्र विचारायची सोय नाही. कारण आमच्या बागेतल्या हास्यक्लबाच्या सचिव माझ्या थोरल्या नणंदबाई आहेत.

मार्चअखेरीला ऑफिसातल्या ऑडिटनं माझं बीपी चढलं आणि ही बातमी सुलूताईंपर्यंत पोचली. "गोळी चालू ठेव, पण जोडीला हस," त्या म्हणाल्या. "हसायला काय पैसे पडतात का?" लगेच वार्षिक वर्गणीची पावती घरी आली. टी-शर्टचे वेगळे.

गोल करून उभं राहायचं, तळव्यावर तळवा बसेल अशा टाळ्या वाजवत "हो हो, हा हा हा" करायचं, मग एकेक प्रकार. नमस्ते हास्य सोपं आहे, लग्नकार्यात सवय झालेली असते. मोबाइल हास्यात हात कानाशी धरायचा आणि पलीकडून कुणीतरी भलतंच गमतीचं बोलतंय असं समजून खो खो हसायचं. सकाळी सहाचा फोन म्हटलं की मला फक्त "ताई, आज येत न्हाई" एवढंच ऐकू येतं. हसू कुठून येणार? सिंह हास्यात जीभ पूर्ण बाहेर, डोळे वटारलेले, हाताचे पंजे. आणि बागेतली पायवाट अशी वळवलेली आहे की फिरायला आलेला प्रत्येक ओळखीचा माणूस नेमका त्याच वेळी समोरून जातो. एवढ्यात मागून हाक येतेच, "आवाज पोचत नाहीये, माधुरी!"

या सगळ्याचं मूळ मुंबईत आहे. डॉ. मदन कटारियांनी 13 मार्च 1995 रोजी लोखंडवालातल्या एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब काढला. सुरुवातीला ते चक्क विनोद सांगून हसत. दोनेक आठवड्यांत विनोद संपले. उरले ते चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. मग डॉक्टरांनी ठरवलं की विनोद हवाच कशाला, नुसतंच हसू. खोटं हसलं तरी शरीराला फरक कळत नाही, असं या मंडळींचं म्हणणं. कुणाचं शरीर इतकं भोळं असतं कोण जाणे. माझ्याला सगळं कळतं.

कळायला जागाही आहे. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं लोकांच्या चेहऱ्यांना विजेचे झटके देऊन 1862 मध्ये लिहून ठेवलंय की ओठांचे कोपरे मनात आणलं की वर जातात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खरा आनंद झाल्याशिवाय हलत नाही. सुलूताईंनी ड्यूशेनचं नाव ऐकलेलं नाही, पण माझ्या लग्नापासून त्या माझ्या डोळ्यांकडेच बघत आल्या आहेत.

त्यांच्या भाषणात दर रविवारी नॉर्मन कझिन्स येतो. हा अमेरिकन संपादक 1964 मध्ये मणक्याच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला होता. विनोदी सिनेमे बघून दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास विनावेदना झोप लागते, असा अनुभव त्यानं लिहिलाय. क जीवनसत्त्वाचे भरमसाट डोसही तो घेत होता, ते भाषणात गळतं. आणि तो हॉस्पिटल सोडून हॉटेलात खोली घेऊन राहिला होता, हेही. मला त्याच्या उपचारातला हा भाग सगळ्यात पटतो.

आमच्या हसण्यानं इतरांचा ताण किती वाढतो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. बागेला लागून असलेल्या इमारतीत रात्रपाळी करणारा एक मुलगा भाड्यानं राहतो. सिंह हास्य सुरू झालं की तो गॅलरीत येऊन आमच्याकडे नुसता बघतो. त्याला बिचाऱ्याला माहीत नसावं की कुर्ल्यात तलावाकाठच्या अशाच हास्यक्लबाविरुद्ध एक रहिवासी थेट उच्च न्यायालयात गेले होते. मी सांगणार होते, पण घरात राहायचंय.

तर गेल्या महिन्यात आमचे जुने खजिनदार वारले. वय अठ्ठ्याऐंशी, झोपेतच गेले. अध्यक्ष चार शब्द बोलले आणि म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं मौन पाळू." सगळ्यांनी माना खाली घातल्या. देशपांडेकाका बागेत येताना कानातलं मशीन घरी ठेवून येतात. त्यांना तेवढं "मौन" ऐकू आलं. आमच्याकडे मौन हास्य नावाचा एक प्रकार आहे. काकांनी तोंड आ वासलं, दोन्ही हात वर केले आणि आवाज न करता गदागदा हलायला लागले. जुने सभासद, काम चोख.

मी जमिनीकडे बघितलं. चपलांचे अंगठे मोजले. ऑडिटचे आक्षेप आठवले. काही उपयोग झाला नाही. आधी नाकातून एक फुस्सदिशी आवाज निघाला, मग शेजारच्या कुलकर्णीबाईंचे खांदे हलायला लागले. माणूस एकटा असतो त्यापेक्षा चारचौघांत तीसपट जास्त हसतो आणि त्याला बहुतेक वेळा विनोद लागतच नाही, असं रॉबर्ट प्रोव्हाइन या शास्त्रज्ञानं लोकांचं हसणं टिपून सांगितलंय. आम्ही तर पंचवीस-तीस जण होतो आणि हसायला बंदी होती. अध्यक्षांनी रुमाल तोंडात कोंबला. काका आपले सगळ्यांना उत्तेजन देत होते: जोरात, अजून जोरात! मी पोट धरून कठड्यावर बसले, श्वास लागेना, डोळ्यांतून धारा. धूसर नजरेनं सुलूताईंकडे पाहिलं, तर त्यांच्याही डोळ्यांचे कोपरे ड्यूशेननं सांगितलं तसेच आकसलेले.

घरी येईपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो. संध्याकाळी त्यांनी इतिवृत्त ग्रुपवर टाकलं: "दिवंगत खजिनदारांना श्रद्धांजली वाहण्यात आली. सर्व सभासदांना अश्रू अनावर झाले."