किती मेगावॅट, आणि किती तास?

ऊर्जाधोरणावर वाद सुरू झाला की कुणीतरी मेगावॅट (एका क्षणी वीज देण्याची क्षमता) आणि मेगावॅट-तास (काही वेळात मिळालेली एकूण वीज) यांची सरमिसळ करतंच. डोकं उठतं अगदी! १००० मेगावॅटचा सौरप्रकल्प आणि तेवढ्याच क्षमतेचा अणुप्रकल्प वर्षाकाठी सारखी वीज देत नाहीत हो. रात्र असते, ढग असतात. सौर पॅनेल वर्षभरात क्षमतेच्या साधारण १५ ते २५ टक्केच वीज देतं, नीट चालणारी अणुभट्टी ९० टक्क्यांच्या आसपास. बॅटरीचंही तेच. ‘१०० मेगावॅटची बॅटरी’ म्हणे. अहो, पण किती तास? एक की चार? सूर्य मावळल्यावरची मागणी भागणार का, ते त्यावरच ठरतं ना! मी सौरऊर्जेच्याच बाजूचा, म्हणून जास्त जीव जळतो. आपलाच माणूस चुकीचं एकक घेऊन उभा राहतो आणि समोरचा त्याला एका वाक्यात गप्प करतो.