रिसिप्टमधला पी आणि फुलस्केपची टोपी

परवा भाचीला घेऊन खजुरी बाजारात गेलो होतो. भाची पुण्याची, नववीतली, सुट्टीला इंदूरला आलेली. दुकानदाराला म्हटलं, "भैया, एक रीम ए-फोर, एक दस्ता फुलस्केप, और रिसिप्ट बना देना." बाहेर पडल्या पडल्या बाईसाहेब म्हणाल्या, "मामा, रिसीट! पी सायलेंट असतो." पुणेकरांनी आमची मराठी सुधारायची हे आम्हा इंदूरकरांच्या अंगवळणी पडलंय. आता इंग्रजीसुद्धा!

बरोबर तिचंच आहे. पण तो पी तिथे करतोय काय? इंग्रजांनी शब्द उचलला फ्रेंचांकडून, त्यात पी नव्हता. मूळ लॅटिनमध्ये आहे म्हणून पुढे पंडितांनी स्पेलिंगात घुसवला, लोकांची जीभ मात्र होती तशीच राहिली. त्याच घराण्यातला 'डिसीट' यातून सुटला. म्हणजे उपद्व्याप पंडितांचा आणि हसं माझं. त्यापेक्षा आपली पावती बरी. पैसे पावले, पावती दिली. लिहिलं तसं वाचा.

फुलस्केपची गंमत तर मला चाळिशीनंतर कळली. तोवर फुल म्हणजे पूर्ण, मोठा कागद, असंच समजत होतो. खरा शब्द 'फूल्सकॅप', विदूषकाची टोपी! युरोपात एके काळी तो कागद उजेडाकडे धरला की घुंगरांच्या टोपीचा वॉटरमार्क दिसायचा. टोपी गेली, मापाला नाव राहिलं. आता तुम्ही खजुरी बाजारात जाऊन शुद्ध उच्चारात 'फूल्सकॅप' मागून बघा. "टोपी सामनेवाली दुकान पे मिलेगी," असं उत्तर आलं तर मला सांगू नका.

आणि ज्याला आपण इंग्रजी समजतो तो रीम मूळचा अरबी. 'रिज्मा' म्हणजे गठ्ठा. स्पेन, फ्रान्स फिरून तो इंग्लंडात पोचला. दस्ता फारसी, दस्त म्हणजे हात. 24 तावांचा दस्ता, 20 दस्त्यांचं रीम, असे जुन्या हिशेबाने 480 ताव होत. आता पॅकबंद 500 येतात. पण त्या दुकानातले काका दस्ता अजून हातानेच मोजतात. ओल्या स्पंजावर बोट टेकवून चार-चार ताव अंगठ्याखालून सरकवतात, मग मधोमध दुमडून नखाने घडी दाबतात. त्यांना उच्चार शिकवायला मी तरी जाणार नाही.

परीक्षेत, मुलाखतीत रिसीटच म्हणावं, मी भाचीलाही तेच सांगितलं. पण काउंटरपलीकडच्या माणसाला टोकू नये. (पाटीवर 'स्टेशनरी'च्या स्पेलिंगात ई ऐवजी ए दिसला की मात्र माझंच डोकं फिरतं. ए घातला की अर्थ होतो जागचा न हलणारा. पण स्टेशनर म्हणजे मुळात फेरीवाला नव्हे, एका जागी दुकान मांडून बसलेला. तेव्हा तिथेही माझा राग जरा लंगडाच.)

घरी येऊन पावती पाहिली. काकांनी बॉलपेनने देवनागरीत लिहिलंय, 'रिम 1, दस्ता 1, टोटल'. वरती छापलंय 'कॅश मेमो'. रिसीट नाही, रिसिप्टही नाही. भाचीला दाखवली, तर म्हणते, "मामा, मेमोचं स्पेलिंग तरी येतं ना?"