रोजगार हमी म्हणे!

आज डोकं फिरलंय. मोठी पोस्ट आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी लाईक करून पुढे जा.

दुपारी एडिसनला (इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत) एका मित्राकडे जमलो होतो. बाहेर ग्रिलवर कणसं, आत टीव्हीवर मेट्सची, म्हणजे न्यूयॉर्कच्या बेसबॉल टीमची मॅच. तिथे एक तरुण मुलगा, हुशार आहे, डेटामध्येच नोकरी करतो, त्याने रिमोट उचलला आणि सरळ आवाज बंद केला. का रे बाबा? तर म्हणे, "काका, ही कॉमेंट्री म्हणजे रिटायर्ड प्लेअर्सची रोजगार हमी योजना आहे. गुडघे गेले की हातात माइक देतात." सगळे हसले. मीपण हसलो, आणि तेच आता घरी येऊन बोचतंय.

ज्यांना बेसबॉलशी घेणंदेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे एक जण काय झालं ते सांगतो आणि शेजारी बसलेला जुना खेळाडू ते का झालं ते सांगतो. मेट्सकडे 2006 पासून तेच तिघं आहेत. गॅरी कोहेन, जो कधी प्रोफेशनल खेळला नाही, आणि त्याच्यासोबत कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग, दोघंही 1986 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, जिंकलेल्या मेट्स टीमचे. कीथ पहिल्या बेसवरचा, अकरा गोल्ड ग्लोव्ह (उत्तम फिल्डिंगचं बक्षीस) घेतलेला माणूस, डार्लिंग पिचर, म्हणजे आपला बोलर.

आता मुद्दा. 2012 च्या उन्हाळ्यात बाबा आले होते. ते साताऱ्याला एसटी वर्कशॉपच्या टीमचे विकेटकीपर, उजवी करंगळी शेवटपर्यंत वाकडी, पोह्यांची बशी धरली तरी ती बाहेर. इंग्रजी जेमतेम आणि बेसबॉलचा ब माहीत नाही, पण संध्याकाळी करणार काय, माझ्याशेजारी बसायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "हे तिघं बोलतायत ना, त्यातला एक खेळलेला नाही." मी उडालोच. कसं कळलं? म्हणाले, "अरे, बॅटचा नुसता आवाज आला की दोघं उसासा टाकतात, बॉल अजून वरच असतो. तिसरा बॉल पडल्यावर ओरडतो."

(गॅरीवर राग नाही हं. जे दिसतं ते सांगणं हेच त्याचं काम आणि ते तो झकास करतो.)

तर माझ्या डेटावाल्या मित्रा, तो उसासा तुझ्या कुठल्या कॉलममध्ये भरतोस ते सांग. बॉल बॅटवरून किती वेगाने सुटला, किती अंशात उडाला, सगळं आता दोन सेकंदात स्क्रीनवर येतं, मान्य. पण ते झाल्यावर येतं रे! कॉमेंटेटर टिम मॅकार्व्हरचं यूट्यूबवर बघ एकदा. 2001 ची वर्ल्ड सिरीज, सातवी मॅच, नववी म्हणजे शेवटची इनिंग, स्कोअर 2-2, अ‍ॅरिझोनाची बॅटिंग, बेस भरलेले, समोर यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा आणि यांकीजने इनफिल्ड (बेसजवळचे फिल्डर) पुढे आणलेलं. मॅकार्व्हर म्हणाला, रिव्हेरा डावखुऱ्याला आत टाकतो, बॅट मोडून बॉल इनफिल्डच्या जरा मागे पडतो, इनफिल्ड पुढे आणण्यात हाच धोका. पुढचाच बॉल. लुईस गोन्झालेझची बॅट मोडली, बॉल यांकीजच्या फिल्डर जीटरच्या डोक्यावरून अलगद मागे पडला, अ‍ॅरिझोना चॅम्पियन. आणि हा मॅकार्व्हर कोण? कॅचर! म्हणजे आपला विकेटकीपरच की. बाकी सगळे बॅटरकडे तोंड करून उभे असतात, हा एकटा उलटा बसून अख्खी टीम बघत असतो. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती करंगळी वर केली आणि हसले.

आणि "बाहेर बसून बोलायला काय जातंय" असं म्हणणाऱ्यांसाठी डिझी डीन. मोठा पिचर, नंतर सेंट लुईसला रेडिओवर. त्याचं इंग्रजी असं की शाळामास्तरांनी तक्रारी केल्या, मुलं बिघडतात म्हणून. तो तिथल्याच ब्राउन्स टीमच्या पिचर्सना रोज शिव्या घालायचा, यांच्यापेक्षा मी बरा टाकीन म्हणायचा. 1947 च्या सीझनच्या शेवटच्या मॅचला मालकांनी म्हटलं, ये मग. गेला, चार इनिंग टाकल्या, एकही रन दिला नाही, वर एक हिटही मारला आणि पाय दुखावून परत माइकवर. रोजगार हमी म्हणे!

बरं, सगळेच असे नसतात, माहितीये मला. काही जण तीन तास नुसतं "आमच्या वेळी असं नव्हतं" करतात, त्यांना मीच म्यूट करतो. आणि हो, कॉमेंटेटर विन स्कली मेजर लीगमध्ये एक बॉल न खेळता 67 सीझन डॉजर्स टीमसाठी बोलला आणि त्याच्या तोडीचा कोणी नाही. झालं समाधान?

पण मला नुसते स्टार पण नको असतात खरं तर. बॉब उकर घ्या, हाही कॅचर, सहा सीझन खेळला, बॅटिंग .200, म्हणजे पाचात एक हिट, एवढी वाईट की आयुष्यभर स्वतःच त्यावर विनोद केले. आणि मग 1971 पासून 2024 पर्यंत मिलवॉकीच्या रेडिओवर कॉमेंट्री. जानेवारी 2025 मध्ये गेला. जो माणूस बेंचवर बसून खेळ बघतो ना, त्याला फार दिसतं. बाबापण शेवटची दोन वर्षं बारावे खेळाडूच होते, हे त्यांनी मला इथे, या सोफ्यावर सांगितलं. साताऱ्यात कधी सांगितलं नव्हतं.

कीथचीच गोष्ट सांगितली होती मी त्यांना त्या दिवशी. 1986 ची वर्ल्ड सिरीज, बोस्टनविरुद्ध सहावी मॅच, जादाची दहावी इनिंग, मेट्स 5-3 ने मागे, हरले तर सिरीज गेली. कीथ दुसरा आउट झाला (तिसऱ्याला खेळ खलास) आणि डगआउटमध्ये थांबलाच नाही, सरळ आत मॅनेजरच्या खोलीत जाऊन बिअर उघडून टीव्हीसमोर बसला. मग लागोपाठ तीन हिट्स. आता हा उठेना, खुर्ची लकी म्हणून! शेवटी बोस्टनच्या फिल्डर बकनरच्या पायातून बॉल गेला, मेट्स 6-5 ने जिंकले, आणि मेट्सचा इतका मोठा प्लेअर खुर्चीतच. हे तो स्वतः सांगतो, कुठलीही लाज न बाळगता. बाबा एवढे हसले की चहा सांडला. कारण लहानपणी मी उंबरठ्यावर उभा असताना विकेट पडली नाही, तर मॅच संपेपर्यंत मला तिथून हलू द्यायचे नाहीत ते. पाय दुखायचे हो.

त्या पोराला यातलं काहीच सांगितलं नाही मी. कणीस खाऊन आलो.

आत्ता तीच मॅच रेकॉर्डिंगवर लावलीये, आवाज मोठा करून. बायको दोनदा ओरडून गेली. मगाशी मुद्दाम डोळे मिटून बसलो. बॅटचा आवाज आला. कीथने उसासा टाकला, मग डार्लिंगने, मग गॅरी ओरडला, आणि सगळ्यात शेवटी मी.