अडचण किटची खरी, पण उपाय किट काढण्याचा नाही

सध्या एक संदेश फिरतोय : ‘श्वास अडलेल्या रुग्णापाशी पीपीई किट चढवत बसलात तर तो हातचा जातो. चष्म्यावर वाफ, हातात दोन-दोन मोजे, अशाने श्वासनलिकेत नळी पडत नाही. अनुभवी डॉक्टर साध्या मास्कवर धावतो.’ मी भूलतज्ज्ञ आहे. शिकणारी मुलं हा संदेश एकमेकांना पाठवताना दिसली, म्हणून लिहितेय.

‘वेळ जातो.’ जातोच. म्हणून एक जण कायम किटमध्ये तयार ठेवायचा. बाकीचे किट चढवेपर्यंत तो घट्ट मास्कने ऑक्सिजन देतो. निरोगी प्रौढाला ३ मिनिटं शुद्ध ऑक्सिजन मिळाला, तर श्वास थांबल्यावर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९० टक्क्यांच्या खाली यायला सुमारे ८ मिनिटं लागतात; साध्या हवेवर जेमतेम एक. गंभीर आजारी, गरोदर, स्थूल रुग्णांत आणि लहान मुलांत मात्र ही मुदत फार तोकडी. तिथे किट चढवण्याचा सराव आधीच झालेला हवा.

‘दिसत नाही, हात चालत नाही.’ यात तथ्य आहे, आणि ते नाकारणाऱ्यांनी किट घातलेलं नसावं. पण वाफ बहुधा धरते ती मास्क नाकाशी सैल असल्याने. म्हणजे ती गळतीची खूण आहे. पट्टी दाबून बसवायची. रसायनांपासून वाचवणारा सूट आणि जाड रबरी मोजे घालून पुतळ्यांवर केलेल्या चाचण्यांत नळी टाकायला वेळ लागला, एलएमए (घशात, स्वरयंत्राच्या तोंडावर बसवायचा छोटा मास्क) मात्र तुलनेने सहज बसला. तेव्हा नळी अडली की तिच्याशी झटत न बसता एलएमए. व्हिडिओलॅरिंगोस्कोप, म्हणजे घसा पडद्यावर दाखवणारं कॅमेऱ्याचं उपकरण, असेल तर पहिल्यापासून तोच, म्हणजे आपला चेहराही रुग्णाच्या तोंडापासून लांब राहतो. स्टेथोस्कोप कानाला लागत नाही, हेही खरं. पण नळी श्वासनलिकेत आहे याचा जास्त भरवशाचा पुरावा म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफवरची लाट, किट असो वा नसो.

‘अनुभवी माणसाला साधा मास्क पुरतो.’ हे वाचून मला राग आला. २००३ साली टोरांटोत सार्स या श्वसनाच्या संसर्गजन्य आजाराच्या रुग्णांना नळी टाकताना हजर असलेल्या कर्मचाऱ्यांना लागण झाली. १९९५ साली टोकियोत सरीन या विषारी रसायनाने झालेल्या हल्ल्यात संरक्षक पोशाखाविना रुग्ण हाताळणाऱ्या रुग्णालयातल्या कितीतरी जणांना रुग्णांच्या कपड्यांतल्या वाफेने त्रास झाला. साध्या मास्कच्या कडांतून हवा आत येते, हात कितीही सराईत असो.

किट उतरवण्याबद्दल संदेशात अवाक्षर नाही, आणि अंगाला घाण लागते ती बरेचदा तेव्हाच. नळी पडली की बाहेरचे मोजे लगेच काढा, आणि उतरवताना एकाला समोर उभं करून पायऱ्या मोठ्याने वाचायला लावा.