नानांचा दाब आणि पाच मिनिटांची शांतता

रक्तदाब मोजण्यापूर्वी रुग्णाने पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, तोंड मिटून बसावे आणि त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू घेऊ नये, असे मला नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी शिकवले गेले. शिकवणाऱ्या मॅडम खानदेशातल्या नसाव्यात.

अमळनेरच्या आसपासच्या खेड्यांत मी घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते, इन्सुलिन टोचायला शिकवते आणि दाब मोजते. कामाबद्दल माझी तक्रार नाही. एका घरात लघवीची पिशवी नीटनेटकी दिसावी म्हणून देवाच्या तसबिरीशेजारच्या खुंटीला टांगलेली आढळली, तेव्हा ती मूत्राशयाच्या खालीच का हवी हे समजावण्यात माझी अख्खी सकाळ गेली, पण निदान ते समजले तरी. नानांच्या घरी मात्र गेले दीड वर्ष मी दर सोमवारी हरून परत येते.

नानांना साखर आहे, दाब आहे आणि पायाच्या अंगठ्याला एक जुनी जखम आहे. जखमेचे पंधरा मिनिटांत आटोपते. खरा प्रश्न उरतो तो दाबाचा, कारण ओसरीत पाऊल टाकताच आतून सूनबाईंचा आवाज येतो, "माय, पहिले चहा ले." चहाला नाही म्हणणे म्हणजे त्या घराशी सात पिढ्यांचे वैर धरणे. मी घ्यायला माझी हरकत नसते, परंतु माझ्याबरोबर नानाही घेतात आणि बशीत ओतलेल्या त्या चहाचा पहिला भुरका कानी पडला की माझा अर्धा तास नव्याने सुरू होतो.

मग बसण्याचा प्रश्न येतो. नाना बाजेवर मांडी घालून बसतात, कारण पाय खाली सोडून बसले की त्यांना स्वतःच्याच घरात पाहुणे आल्यासारखे वाटते. शिवाय बाजेला पाठ नसते. शेवटी मी त्यांना भिंतीजवळच्या स्टुलावर बसवते, पण भिंतीला लागून भाव वाढण्याची वाट पाहत पडलेला गेल्या हंगामाचा कापूस असतो. ज्या ढिगाला पाठ टेकून दाब मोजायचा तोच ढीग दाबाचे मूळ कारण असावा, असा योग वैद्यकशास्त्राने विचारात घेतलेला दिसत नाही. मी दंडाला पट्टा गुंडाळते, फुगा दाबते, काटा वर चढतो आणि नेमके त्याच क्षणी नाना विचारतात, "कापूसना भाव कितला निंघना आज?"

बोलण्याने दाब सहज दहा अंकांनी वाढतो. कापसाच्या भावाबद्दल बोलण्याने किती वाढतो, हे कोणी स्वतंत्रपणे मोजलेले माझ्या ऐकिवात नाही. काटा १५८ वर धडधडतो. ते ऐकून सूनबाई हळहळतात आणि मन रमावे म्हणून नानांसमोर भाजलेल्या बिबड्यांची, म्हणजे आमच्याकडच्या खाऱ्या पापडांची, ताटली ठेवतात. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, हे मी त्यांना चमच्याने मोजून दाखवलेले आहे. बिबडे हे मीठ नसून ज्वारी आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

एव्हाना यंत्र आल्याची वार्ता गल्लीत पोहोचलेली असते. "माले बी लाव वं माय तो पट्टा," म्हणत शेजारच्या आक्का येतात, मागोमाग दूधवाला येतो, आणि आखाड्यात घाम गाळणारा पुतण्या आपला दंड पुढे करतो. त्याच्या दंडाला माझा पट्टा पुरत नाही, आणि लहान पट्ट्याने दाब खोटाच जास्त येतो हे सांगितल्यावर तो यंत्राकडे फार तुच्छतेने पाहतो.

गेल्या सोमवारी मात्र नवल घडले. मे महिन्याची दुपार, बाहेर पंचेचाळीस अंशांचा पारा आणि अचानक वीज गेली. पंखा थांबला, टीव्हीवरची मालिका मध्येच गप्प झाली, कोपऱ्यावरची पिठाची गिरणीसुद्धा निमाली. सारी मंडळी उठून निंबाखाली गेली. सूनबाईंनी इन्सुलिनची बाटली तत्परतेने फ्रीजमधून ओल्या मडक्यात हलवली (मी शिकवलेली तेवढीच एक गोष्ट त्या घरात रुजली आहे) आणि त्याही निघून गेल्या. चहा होऊन चाळीस मिनिटे उलटली होती. उकाड्याने नानांची बोलण्याची इच्छाच संपली होती. ते कापसाला टेकून, पाय जमिनीला लावून, डोळे मिटून बसले. मी श्वास रोखून घड्याळात पाच मिनिटे मोजली आणि हलक्या हाताने फुगा दाबला. १३६ आणि ८४. दीड वर्षातला पहिला खरा आकडा मी वहीत ठळक अक्षरांत लिहिला आणि नानांना मोठ्या अभिमानाने वाचून दाखवला.

नानांनी एक डोळा उघडून माझ्या हातातल्या, विजेशी काडीचाही संबंध नसलेल्या त्या फुग्याकडे संशयाने पाहिले.

"लाईट नई व्हती तवय मोजेल काय खरं ऱ्हास, माय? लाईट येऊ दे, मंग परत मोज."

तेवढ्यात पंखा घरघरला, मालिका पुन्हा बोलू लागली, आणि स्वयंपाकघरात सूनबाईंनी चहाचे आधण ठेवल्याचा आवाज आला.